राबाखालून गेलेलं इंटरनेट

कमळाकर विशे याला आसनोळीत कुणी बोलावत नाही, तो असतोच. बारसं असो, बाराव्याचं जेवण असो, नाहीतर कुणाच्या म्हशीला इंजेक्शन द्यायला डॉक्टर आलेला असो, पांढरा शर्ट घालून, छातीच्या खिशात दोन पेनं खोचून हा पहिल्या रांगेत उभा. त्यातल्या एका पेनातली शाई संपून दोन वर्षं झाली, असं त्याची बायको काशी नळावर सांगते. चौदा वर्षांपूर्वी तो अकरा महिने उपसरपंच होता. बारावा लागायच्या आत सदस्यांनी त्याला उतरवलं. ती बातमी त्याच्यापर्यंत अजून पोहोचलेली नसावी, कारण लग्नपत्रिकेत नाव टाकायचं म्हटलं की तो हुद्दा आधी सांगतो आणि नाव नंतर.

धसईहून आत येणारा पाच किलोमीटरचा रस्ता डांबरी झाला, तो कमळाकरनं आणला. शाळेला पत्रे आले, ते कमळाकरनं आणले. हातपंपही त्यानंच आणला. त्याला पाणी लागलं नाही, तो मात्र जमिनीचा दोष. आणि मग दोन वर्षांपूर्वी गावात इंटरनेट येणार अशी बोलवा झाली, तेव्हा ते कोण आणणार हे सांगायची कुणाला गरजच पडली नाही.

त्याआधी आसनोळीत मोबाइलची रेंज मिळायची ती फक्त म्हसोबाच्या टेपाडावर. तीही एक काडी. कुणाला रेशनचं, विम्याचं, कसलंही ऑनलाइन काम असलं की फोन हातात धरून टेपाड चढायचं. गोजरबाई सत्तरीची, गुडघ्याला पट्टा. ती अर्ध्या चढणीला बसायची आणि ओटीपी वर पोहोचायचा. ती वर पोहोचायची तोवर त्याची मुदत संपायची. मग खाली येऊन ती सरकारच्या आईचा उद्धार करायची आणि पुन्हा चढायची.

दोन वर्षं वाट बघायला लावून यंदा सरकारी योजनेतून तार आली ती शाळेजवळच्या खांबापर्यंत. तिथून गावात न्यायची, एका कोरड्या खोलीत तिची पेटी बसवायची, आणि पेटीवरून देवळावर नि ओढ्याकाठच्या खांबावर एकेक डबी लावायची, म्हणजे गावात आणि मळ्यांत दोन्हीकडे नेट चालेल, असा बेत. ग्रामपंचायतीची खोली गळते. म्हणून ठेकेदाराचा सुपरवायझर गावभर फिरला आणि धाऊच्या घरापाशी थांबला. धाऊचं घर रस्त्याला लागून, वर स्लॅब, आत इन्व्हर्टर. सुपरवायझर म्हणाला, “हितंच बसवू पेटी.”

धाऊनं नुसती मान हलवली. धाऊ सहसा बोलतच नाही. पण कमळाकर त्या संध्याकाळी धाऊच्या घरावरून तीनदा गेला. धाऊच्या घरात इंटरनेट? म्हणजे लोकांनी धाऊच्या दारात चपला काढायच्या?

गावभर रस्त्याकडेनं जेसीबीनं कमरेइतका खोल चर खणून झाला होता. पाइप टाकायचा तेवढा बाकी, आणि मध्ये यंदाची, जानेवारीतली म्हशाची यात्रा आली. म्हशाच्या यात्रेला आसनोळीत माणूस शिल्लक राहत नाही. बैल बघायला जाणारे बैल बघायला, घोंगडी घेणारे घोंगडी घ्यायला, उरलेले पाळण्यात बसायला. त्या दिवशी गावात राहिला तो एकटा कमळाकर. आणि सुपरवायझर नि त्याचे चार मजूर, ज्यांचा जीव यात्रेत अडकलेला.

“रस्त्यानं गेलात तर सांज होईल,” कमळाकर त्यांना म्हणाला. “खांबापास्नं माझ्या शेतातनं सरळ घ्या. माझ्या मागच्या दारात निघतंय. जमीन बी मऊ हाय. दोन तासांत मोकळे.”

मऊ होती, यात खोटं नाही. ती त्याच्या राबाची जागा होती. ज्यांनी भात कधी लावलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, राब म्हणजे भाताचं रोप टाकायचा तुकडा. उन्हाळ्यात त्याच्यावर शेणाचा थर, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा नि गवत, वरून माती, असं रचून ते भाजतात. तण जळतं, राख जिरते, रोप तरारून येतं. विश्यांचा राब चार पिढ्या त्याच तुकड्यावर भाजला जातोय. चार पिढ्यांच्या राखेनं ती माती पिठासारखी झालेली. मजुरांनी वीतभर उकरली, केशरी पाइप ठेवला, पायानं माती लोटली, आणि दोन तासांत खरोखरच यात्रेला पोहोचले. दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेचा चर जेसीबीनं बुजवला. रिकामाच. यात्रेहून परतलेल्या गावाला वाटलं, पाइप त्याच्या पोटात गेला.

पेटी कमळाकरच्या घरात कशी गेली असं धाऊच्या मुलानं विचारलं, तर कमळाकर म्हणाला, “टेक्निकल कारण हाय. तुला नाय कळायचं.”

मग काय विचारता! पेटीला हळद-कुंकू लागलं. झेंडूचा हार पडला. शोकेसमधल्या स्टीलच्या डब्यांना हुसकून तिथं पेटी बसली आणि काचेला कुलूप लागलं. आत हवा जाईना, पेटी तापून बंद पडायला लागली, तरी कुलूप निघेना. शेवटी त्याच्या सुनेनं, अक्षदानं, एक दिवस काचच काढून माळ्यावर टाकली. ओसरीवर बाकडं आलं. कुणाचं काम असलं की आधी बाकड्यावर बसायचं, कमळाकरनं इंटरनेट कसं आणलं ते ऐकायचं, मग आत जायचं. आणि पासवर्ड? तो त्यानं स्वतः ठेवला होता, त्याचं नाव नि पुढं शेठ. नव्या फोनला नेट जोडायचं म्हणजे आसनोळीतल्या प्रत्येकाला एकदा तरी कमळाकरशेठ लिहावंच लागायचं. गोजरबाई लिहिताना दरवेळी थुंकायची, असं म्हणतात. थुंकून मग बोट पुसायची, हे पाहिलेलं आहे.

आता अक्षदाचं सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात खरा जीव टांगणीला लागला तो तिचा. कमळाकरचा मुलगा प्रणित कल्याणकडे कारखान्यात कामाला. दोघं तिकडंच एका खोलीत राहायची. नेट आल्यावर अक्षदा म्हणाली, मी गावाला राहते, भेंडी करते, तीही बाहेर पाठवायची. प्रणित हसला. तेव्हा तिनं त्याच्याकडून एक हंगाम मागून घेतला. एका हंगामात जमलं नाही तर गपचूप कल्याणच्या खोलीत परत.

ओढ्याकाठी तिनं स्वतः अर्धा एकर भेंडी लावली. शिवाय गावातल्या दहा जणांना जमवलं. त्यांत गोजरबाई, धाऊ आणि, घरातलाच म्हणून टाळता येईना तर, खुद्द कमळाकर. शहापूरकडच्या एका पॅकहाऊसशी, म्हणजे भाजी निवडून-भरून परदेशी धाडणाऱ्या कंपनीशी, बोलणं केलं. तिथल्या प्रियांका मॅडमनी अट घातली ती अशी: प्रत्येक मळा त्या व्हिडिओ कॉलवर बघणार. शेतकऱ्यानं मळ्यात उभं राहून भेंडी दाखवायची, शेजारी काय पीक आहे ते दाखवायचं, कुठलं औषध कधी मारलं ते सांगायचं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला यादी बंद. यादीत आला त्याची भेंडी परदेशी जाणार. राहिला त्यानं कल्याणच्या बाजारात गोण्या टाकाव्यात.

टेपाडावरच्या एका काडीवर व्हिडिओ चालत नाही. धसईला रेंज आहे, पण मळा उचलून धसईला नेता येत नाही. म्हणजे सगळी मदार त्या पेटीवर.

सोमवारपासून कॉल सुरू व्हायचे होते. आणि सोमवारीच सकाळी कमळाकरनं राब भाजायला काढला.

का, तर धाऊनं आदल्या दिवशी भाजला म्हणून.

काशीनं राब रचताना मातीतून डोकावणारा केशरी पाइप पाहिला होता. शेण, फांद्या, पाला, सगळं तिनंच डोक्यावरून वाहून आणलेलं. कमळाकर फक्त काडी ओढायला आला होता. ती म्हणाली, “अहो, हितनं तो नेटचा पाइप गेलाय ना? यंदा राब पलीकडच्या तुकड्यात टाकू या. चार पाट्या मी उचलून नेते.”

“बापजाद्यांची जागा सोडू?”

“वितळंल तो.”

“काशी,” कमळाकर म्हणाला, आणि दहावी नापास माणूस शास्त्र सांगताना जसा आवाज काढतो तसा आवाज त्यानं काढला, “आग कुठं जाते? वर जाते. पाइप कुठं हाय? खाली हाय. चुलीवर भाकर भाजताना खालची जमीन कधी जळली काय गो?”

काशीनं चुलीखालची जमीन तीस वर्षं सारवलीय. ती कशी तडकते हे तिला ठाऊक होतं. पण काडी ओढून झाली होती. राब वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवतात, म्हणजे आग घाईनं पळत नाही, एकेक पाऊल टाकत, जमीन भाजत जाते. त्या दिवशी ती फार व्यवस्थित गेली. कमळाकरनं आयुष्यात नीट केलेलं ते बहुधा एकच काम.

अकरा वाजता पेटीवरचा हिरवा दिवा गेला आणि तांबडा लागला. अक्षदा पहिल्याच कॉलसाठी फोन घेऊन गोजरबाईच्या मळ्यात उभी होती. स्क्रीनवर मॅडमचं तोंड अर्धं उघडं राहून गोठलं.

दुपारी कमळाकर हातात काठी घेऊन राबाकडे गेला. इकडे तिकडे बघून त्यानं काठीनं राख उकरली. पाइप कुठला! केशरी लाळ मातीत सांडून घट्ट झाली होती आणि आतली तार तिच्यात चिकटलेली. त्यानं बघितलं, आणि चपलेनं राख पुन्हा सारखी केली.

इथं एखाद्या बऱ्या माणसानं घरी येऊन सांगितलं असतं, चुकलं, इथं खणा. दोन तासांचं काम. पण कमळाकरच्या डोळ्यांसमोर ग्रामसभा उभी राहिली. पेटी उचलून धाऊच्या घरी. बाकडं रिकामं. त्यापेक्षा सुनेची भेंडी गेलेली परवडली, असा हिशेब त्यानं उभ्या उभ्या केला. घरी येऊन तो काशीला म्हणाला, “तुझ्या भाचीची हळद रविवारी हाय ना टोकावड्याला? आजच जा. आठवडाभर रहा. भावाला मदत होईल.”

काशी बघतच राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली. माहेरी जाते म्हटलं की भाकऱ्या कोण थापणार असं विचारणारा हा माणूस, आणि आज तिची पिशवी स्वतः उचलून धसईच्या थांब्यावर आला, एसटीत जागा धरली, वर खिडकीतून शेंगदाण्याची पुडी दिली. पुडी हातात घेतली तेव्हाच तिला वाटलं की काहीतरी पाप आहे. पण माहेर ते माहेर. गेली.

मंगळवारी हरेश आला. हा नेटची लाइन बघणारा मुरबाडचा माणूस, पोट सुटलेला, मोटारसायकलला केबलचं वेटोळं अडकवलेला, स्वभावानं गरीब. त्यानं पेटीला आपलं मीटर लावलं. तार कुठं तुटलीय त्याचं अंतर त्या मीटरवर दिसतं.

“पेटीपास्नं दोनशे दहा मीटर,” हरेश म्हणाला. त्यानं नकाशा उघडला. नकाशात लाइन रस्त्याकडेनं होती. दोघं रस्त्यानं पावलं मोजत निघाले. दोनशे दहा मीटर भरले ते नेमके धाऊच्या दारात.

कमळाकरला देव पावला. “वाटलंच होतं मला,” तो म्हणाला. “खणा.”

हरेशनं दोन माणसं घेऊन खणायला सुरुवात केली. गुडघ्याइतकं झालं, पाइप नाही. कमरेइतकं झालं, पाइप नाही.

“खरंच हितनंच गेलाय ना?” हरेशनं विचारलं.

“म्हंजे काय! मी उभं राहून काम करून घेतलंय. कमळाकरचं काम वीतभर नसतंय. खोल हाय. खणा अजून.”

बुधवारी खड्डा छातीपर्यंत गेला. कमळाकर छत्री उघडून काठावर उभा, आणि खालच्या घामाघूम माणसांना सांगतोय, “अजून खाली.” धाऊ ओसरीवर बिडी ओढत बसला होता. बऱ्याच वेळानं तो बोलला.

“कमळाकर, विहीर पाडतोस काय माझ्या दारात? पाणी लागलं तर निम्मं माझं.”

“चेष्टा नको, धाऊ. सरकारी काम हाय.”

“नाय, नाय. पाड. माझी म्हातारी बोलतच होती, विहीर लांब पडते म्हणून.”

गुरुवारी खड्डा पुरुषभर झाला आणि सकाळी धाऊची शेळी त्यात पडली. शेळी काढायला चौघं उतरले. पाइप काही निघाला नाही. मग कमळाकरनं छत्री मिटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, “आता सांगू काय? पाइप होता. कुणीतरी काढून विकलाय. ज्याच्या दारातनं गेला त्याला इचारा.”

धाऊनं बिडी विझवली, उठला आणि घरात गेला. मुलाला बाहेर येऊ दिलं नाही, एवढंच. पण त्या संध्याकाळी गावात दोन तट पडले. अर्धे म्हणाले धाऊ असं करणार नाही, अर्धे म्हणाले कमळाकर बोलतो म्हणजे काहीतरी असेल. असले अर्धे प्रत्येक गावात असतात, म्हणून तर कमळाकर जगतात.

अक्षदा त्या चार दिवसांत तीनदा टेपाड चढली. मॅडमना फोन करून मुदत मागितली. मॅडम चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, यादी माझ्या हातात नाही, शुक्रवारी पाच म्हणजे पाच. घरी येऊन तिनं सासऱ्याला विचारलं, “बाबा, पाइप टाकला तेव्हा आमी कल्याणला होतो. तुमी होता ना? नक्की कुठनं गेलाय?”

“नकाशात हाय तसंच.”

“माझी भेंडी तोडायला आलीय, बाबा. उद्याचा एकच दिवस हाय. नाय झालं तर मी परवा सामान बांधते.”

“देव बघतोय,” कमळाकर म्हणाला, आणि आमटीत भाकर कुस्करली. बघत होता तो, हे खरं. पण तोही बहुतेक छत्री घेऊनच उभा असावा.

शुक्रवारी सकाळी दहाला हरेश परत आला. या वेळी त्याच्याजवळ ऑफिसातून काढलेला कागद होता, लाइन टाकली तेव्हा किती केबल लागली त्याचा. धाऊच्या दारातल्या खड्ड्याभोवती भेंडीवाले सगळे गोळा झाले होते. अक्षदा घड्याळ बघत उभी. हरेशनं कागद वाचला, रस्त्याकडे बघितलं, पुन्हा कागद वाचला.

“रस्त्यानं खांबापास्नं पेटीपर्यंत सहाशे वीस मीटर होतात,” तो म्हणाला. “आणि केबल वापरलीय साडेतीनशे. दोनशे सत्तर मीटर केबल कुठं गेली?”

भेंडीवाले खड्ड्यात वाकून बघायला लागले.

“म्हंजे ज्यानं कुणी हे काम करून घेतलं,” हरेश भोळेपणानं म्हणाला, “तो एक तर चोर असणार, नाय तर ठार अडाणी.”

कमळाकरला चोर म्हटलेलं कदाचित चाललं असतं. पण अडाणी? धाऊच्या दारात, धाऊसमोर? त्याचे कान तांबडे झाले.

“अडाणी कुणाला बोलतोस रे?” तो ओरडला. “दोनशे सत्तर मीटर खाल्ली नाय, वाचवली! मी वाचवली! तुमचा तो सुपरवायझर रस्त्यानं वळसा घालत निघाला होता, डोकं नाय माणसाला. मी सांगतलं, कशाला? सरळ शेतातनं…”

तो थांबला. त्याचं तोंड मात्र पुढचा शब्द धरून तसंच उघडं राहिलं.

काठावरची माती खड्ड्यात घसरली. गोजरबाईनं कमरेवर हात ठेवले.

“कुठच्या शेतातनं रे, कमळ्या?”

कमळाकरनं छत्री उघडली.

“बोल की. कुठच्या शेतातनं?”

अक्षदानं उत्तराची वाट बघितली नाही. तिनं कुदळ उचलली आणि खांबाकडून सासऱ्याच्या मागच्या दाराकडे डोळ्यांनी एक सरळ रेघ ओढली. रेघ राबावरून गेली. काळ्याभोर राखेच्या त्या तुकड्याकडे आता सगळ्यांनीच बघितलं, आणि कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. आसनोळीत राब सगळेच भाजतात.

हरेशनं राख बाजूला केली. “अरारारा,” तो म्हणाला. “ही केबल नाय राहिली, चिक्की झालीय.” मग जळका तुकडा कापून टाकला, मोटारसायकलवरचं वेटोळं सोडलं, छत्रीच्या सावलीत बसून केसासारख्या तारा एकेक जोडायला लागला. छत्री कमळाकरचीच. धाऊनं ती त्याच्या हातून काढून घेतली होती.

एकच्या एसटीनं काशी परत आली. गावातल्या पुतण्यानं टेपाडावरून फोन करून सांगितलं होतं की गावात नेट नाही म्हणून पाइप शोधतायत, आणि तिला त्या शेंगदाण्याच्या पुडीचा अर्थ लागला होता. हातात पिशवी तशीच. राबाच्या बांधावर उभी राहून तिनं खणलेलं बघितलं, हरेशला बघितलं, मग नवऱ्याला शोधून काढलं. तो आंब्याच्या बुंध्याआड होता.

“आग वर जाते ना?” तिनं विचारलं.

बायका हसल्या. गोजरबाई इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. “अगो, वरच गेली,” ती म्हणाली. “कमळ्याच्या शेंडीला लागलीय बघ.”

पावणेदोनला दिवा हिरवा झाला. मळे अकरा, वेळ सव्वातीन तास. अक्षदा फोन घेऊन धावली. आधी गोजरबाई, तिला वाटलं मॅडम शहापुरात आहेत म्हणजे ओरडूनच बोलायला हवं, आणि औषधांची नावं तिनं अशी सांगितली की ओढ्यापलीकडची गुरं बुजली. मग धाऊ, त्यानं तीन शब्दांत तीन उत्तरं दिली आणि मॅडम म्हणाल्या, छान. मग बाकीचे. साडेचारला अक्षदाचा स्वतःचा मळा. तिनं भेंडी दाखवली, ओळी दाखवल्या, औषधाची वही दाखवली. मॅडम म्हणाल्या, “झालं, घेतलं तुम्हाला.” अक्षदानं फोन छातीला लावला आणि वही मिटून कमरेला खोचली.

मग राहिला कमळाकर. तो घरी जाऊन शर्ट बदलून आला होता! पावणेपाचला फोन त्याच्या हातात गेला. त्यानं तो भेंडीकडे न धरता स्वतःच्या तोंडाकडे धरला.

“नमस्कार मॅडम. मी कमळाकर विशे. आसनोळी गावात इंटरनेट जे आलंय…”

“काका, भेंडी दाखवा.”

“दाखवतो ना. आधी थोडी माहिती. दोन वर्षांपूर्वी हितं काय परिस्थिती होती? ओटीपीसाठी लोकं टेपाड…”

“काका, शेवटची फवारणी कधी केली?”

“ते आमच्याकडं बायका बघतात. तर मी काय सांगत होतो…”

चार बावन्न. काशीनं साडीला हात पुसले आणि त्याच्या हातातून फोन असा घेतला, जसा लहान मुलाच्या हातातून विळा घ्यावा. फोन फिरला. स्क्रीनवर पहिल्यांदाच भेंडी आली. फवारणी कधी? आठवड्यापूर्वी, निंबोळी अर्क, सकाळच्या थंडाव्यात. शेजारी काय? वांगी, मध्ये मक्याच्या दोन ओळी सोडल्यात. पाणी? ओढ्याचं. तोडतं कोण? मी. कुणी लावली? मीच, बाई, दुसरं कोण लावणार.

“मग पिकवणाऱ्याच्या रकान्यात तुमचंच नाव टाकते,” मॅडम म्हणाल्या. “सांगा.”

“काशी कमळाकर विशे.”

चार अठ्ठावन्न. यादी बंद.

ग्रामसभेत पेटी अंगणवाडीच्या खोलीत न्यायची ठरली. कमळाकरनं उभं राहून विरोध नोंदवा म्हटलं, पण नोंदवायला कुणी कागदच काढला नाही. पुढच्याच आठवड्यात तो धसईच्या बाजारात एका भातवाल्याला सांगताना ऐकला गेला की बिघाड कुठं आहे हे हरेशच्या मशीनलासुद्धा सापडेना, शेवटी त्यानं स्वतः दाखवला. धाऊच्या दारातला खड्डा बुजवायला मात्र तो गेला नाही. अक्षदानं मजूर लावून बुजवून घेतला.

एप्रिलात पॅकहाऊसचा टेम्पो यायला लागला. ड्रायव्हर गणू, वाफे गावचा, हातात यादी. पहिल्याच दिवशी विश्यांच्या दारात थांबून त्यानं हाक मारली, “काशीबाई विशे! नऊ क्रेट! काशीबाई कोण हाय?”

कमळाकर पांढऱ्या शर्टात बाहेर आला. “ती मळ्यात हाय. मी तिचा नवरा.”

“सही तिचीच लागंल. बोलवा तिला. आणि तवर क्रेट वर चढवा.”

कमळाकरनं इकडे तिकडे बघितलं. आळीतल्या झाडून सगळ्या ओसऱ्यांवर कुणी ना कुणी नेमकं त्याच वेळी भात पाखडत होतं. त्यानं बाह्या दुमडल्या आणि क्रेट उचलायला लागला. पाचव्या क्रेटला तो थांबला, टेम्पोच्या कडेला हात टेकला, श्वास घेतला.

“तुला ठाऊक हाय काय रे,” तो गणूला म्हणाला, “ह्या आसनोळीत नेट कुणी आणलं?”

गणूनं आरशातून उरलेल्या क्रेटकडे बघितलं आणि गाडी रिव्हर्सला टाकली.

“काका, जरा बाजूला व्हा. मागं घेतोय.”